लाल टू-सीटर आणि सरांचा खोकला

"भाऊ, गॅस सुटतो हिच्यातून. आज निकाल लावा, नाही तर गाडी विकायची, असं घरी ठरलंय."

सर रुमालाने डोळे पुसत बोलत होते. बॉनेटच्या पलीकडे त्यांच्या पत्नी, कुंदाताई, उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गॅस-बिस काही नाही भाऊ. नाटक करून राहिले हे. यायले गाडी नकोच होती पहिल्यापासून."

नागपुरात उमरेड रोडवर माझं वर्कशॉप आहे. सेकंडहँड गाडी घेण्याआधी बरेच लोक ती माझ्याकडे तपासायला आणतात. ही लाल स्पोर्ट्स कार मीच पास केली होती. लिफ्टवर चढवून खालून पाहिली, स्कॅनर लावला, रंगाचा थर मोजला. कुठे ठोकलेली नव्हती, इंजिन गोड चालत होतं. त्यामुळे खोकत होते सर, पण लागत होतं मला.

कुंदाताईंचा भिवापूरला मिरचीचा व्यापार आहे, वडिलांकडून आलेला. सर निवृत्त शिक्षक, भूगोलाचे. पन्नाशी उलटल्यावर बाईंनी ही हौस केली, तर सगळा बाजार हसला. दोनच सीट, डिकीत एक पोतं मावत नाही. बाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं, "मिरची वाहायले ट्रक आहेत भाऊ. ही मले वाहायले आहे." मला ते फार आवडलं होतं. आता त्याच बाई गाडीच्या छपरावर हात ठेवून उभ्या होत्या. वाईट वाटलं.

"सर, खोकला कधी येतो?"

"बसलो की पाच मिनिटांत. घशात आग होते. घरी पोचलो की बंद."

"आणि ताई, तुम्हाला?"

"मले काहीच नाही. म्हणून तं म्हणते!"

जुन्या गाडीत असा त्रास झाला की मेकॅनिकच्या डोक्यात आधी सायलेन्सर येतो. पाइपला चीर असेल तर धूर आत शिरतो. आम्ही धुराचं मशीन लावलं. पाइपमध्ये धूर भरायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघायचं. कुठूनच आला नाही. मग पेट्रोलची लाइन पाहिली. कोरडी. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ते डॅशबोर्डमागे गळतंय का पाहिलं. तेही नाही. सगळं करताना सर गाडीपाशीच उभे होते आणि एकदाही खोकले नाहीत.

"बघा!" कुंदाताई म्हणाल्या. सरांनी रुमाल खिशात कोंबला. मलाही क्षणभर वाटलं, मास्तरांनी आपल्याला चांगलंच कामाला लावलं.

"ताई, चावी द्या. सर, चला, एक चक्कर मारू."

ऊन असं होतं की स्टिअरिंगला हात लाववत नव्हता. मी काचा चढवल्या आणि एसी फुल केला. वर्कशॉपमध्ये दारं उघडी होती, एसी बंद होता. फरक तेवढाच. पहिला सिग्नल यायच्या आत मला असा ठसका लागला की गाडी बाजूला घ्यावी लागली. डोळ्यांतून धारा. शेजारी सरही खोकत होते, पण चेहरा उजळला होता.

"लागला ना तुम्हालापण? लागला ना?" त्यांनी माझा हातच धरला. कधी नव्हे ते कुणीतरी त्यांच्या बाजूने खोकलं होतं.

परत आलो. मी विचारलं, "ताई, गाडी उभी कुठे करता?"

"सातऱ्यावर. शेडमधी."

सातरा म्हणजे बाया बसून मिरचीचे देठ खुडतात ती जागा.

"तुमीच तं म्हणाले होते, उन्हात ठेवू नका, रबर तडकते. छपराखाली ठेवा."

"मी छपराखाली म्हणालो होतो. मिरचीच्या छपराखाली नाही!"

"मंग नजरेसमोर राहते ना गाडी. निघायच्या आधी एसी लावून थंडी करून ठेवते."

झालं. एसीला हवा बाहेरून ओढून घ्यायची सोय असते. बाईंच्या गाडीत ते बटण कायम चालू. गाडी रोज उभ्या जागी मिरचीची धूळ पोटभर ओढत होती. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, बाहेर काढला तर पार लालभडक. जन्म मिरचीत गेलेल्या बाईंना त्याचा पत्ताही नव्हता. आणि सरांना तरी ओळखू येऊ नये? पण सरांना दोष गाडीचाच हवा होता.

डॅशबोर्ड उतरवून ब्लोअर आणि कूलिंग कॉइल धुतली. काम करणारी माझी पोरं दिवसभर मला शिव्या देत शिंकत होती.

डिलिव्हरीला दोघं आले. कुंदाताई सरळ सरांकडे वळल्या. "माझं चुकलं. तुमी खरंच खोकून राहिले होते अन् मी चारचौघांत नाटक म्हटलं."

सरांनी मान हलवली. दोघं चक्कर मारून आले. सर उतरले तेव्हा खोकला नव्हता, पण चेहरा पांढराफटक होता.

"काय झालं सर?"

"काही नाही. आता खोकला नाही, तर सांगून टाकतो." ते बायकोकडे वळले. "मला वेगाची भीती वाटते वं. लाज वाटत होती सांगायला."

कुंदाताई म्हणाल्या, "मंग काहून नाही सांगितलं? मी काय तुमाले भेवाडून मारणार होती? हळू चालवीन ना!"

गाडी विकली नाही. कुंदाताईंनी घराच्या अंगणात वेगळी शेड टाकली. महिन्यातून दोनदा तरी गाडी माझ्या दारावरून जाते. मान वर करून बघायची गरज पडत नाही. शेजारी सर आहेत की बाई एकट्याच निघाल्यात, ते सायलेन्सरच्या आवाजावरून कळतं.

हल्ली गाडी पास करण्याआधी मी दोन प्रश्न जास्त विचारतो. गाडी उभी कुठे राहणार आणि शेजारी कोण बसणार. पहिल्यात काही बिघडलं तर धुऊन देता येतं. दुसऱ्याचा स्पेअर पार्ट मिळत नाही.