सांगलीत मला बाद कुणी केलं

आमच्या भागात माझी एक गोष्ट अजून सांगतात. सांगलीच्या अंतिम सामन्यात पंचांना दिसलं नव्हतं, तरी कप्तानानं स्वतः हात वर केला आणि मैदान सोडलं. शाळांच्या स्नेहसंमेलनात मी पाहुणा असलो की शिक्षक हीच गोष्ट सांगून माझी ओळख करून द्यायचे. मी मान खाली घालून ऐकायचो, लोकांना तो विनय वाटायचा. ती गोष्ट खोटी आहे. वयाची ऐंशी उलटली, आता खरी सांगतो.

साठ सालानंतरची ती वर्षं. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात सुगी संपली की खळ्यावर हुतुतू सुरू व्हायचा. आमच्या खळ्याचा एक रिवाज होता. चढाईला आलेला गडी शिवून सुखरूप परत गेला, की ज्याला शिवलं त्यानं आपण होऊन हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. आमचे वस्ताद म्हणायचे, "पंच भांडान मिटवायला असतो. बाद व्हायला पंच कशाला लागतोय रं?"

सुरुवातीला मी बरा कप्तान होतो. खळ्यावरचे खडे वेचायला सगळ्यांच्या आधी जायचो. हरलो की कुठं चुकलं हे एकेकाला विचारायचो. बौद्ध वस्तीतल्या एका गड्याला डाव्या कोपऱ्यावर मीच घेतलं. त्याच्या घरच्यांनी दीक्षा घेतली होती, आणि गावात काहींनी नाकं मुरडली. मी ऐकलं नाही. त्यानं एकदा चढाईवाल्याचा घोटा धरला की सुटणं नव्हतं.

मग आम्ही लागोपाठ तीन वर्षं ढाल जिंकली आणि मी बिघडलो. हे एका दिवसात झालं नाही. आधी खडे वेचणं सुटलं. मग विचारणं सुटलं. उलट बोलणाऱ्या दोघांना मी घरी बसवलं आणि त्यांच्या जागी माझ्या प्रत्येक वाक्याला 'व्हय दादा' म्हणणारे घेतले. डाव्या कोपऱ्याला मात्र काढता येत नव्हतं; त्याच्यावाचून संघ लंगडा पडला असता. पण त्याला संघात घेतलं ते उपकार केले, असं मी मनात धरू लागलो.

आणि एक दिवस कुणीतरी मला शिवून गेलं, पंचांना दिसलं नाही, आणि मी उभाच राहिलो. कुणी काही बोललं नाही. पुढच्या वेळी उभं राहणं सोपं गेलं. माझं नाव एवढं झालं होतं की मी उभा आहे म्हणजे मला शिवलेलं नाही, असं पंचही धरून चालायचे. माझ्या गड्यांना सगळं दिसत होतं. जिंकतोय ना, मग कशाला बोला, असा हिशेब.

सांगलीचा अंतिम सामना एका गिरणीच्या संघाशी होता. शेवटची पाच मिनिटं उरली होती. आमचे दोघं बाद होऊन बाहेर, आत पाच जण, आणि आम्ही एका गुणानं पुढं. त्यांचा चढाईवाला माझ्या गुडघ्याला पायाचा अंगठा लावून परत गेला. "शिवलं," तो म्हणाला. पंचांनी माझ्याकडं पाहिलं. मी पंचांकडं पाहिलं आणि जागचा हललो नाही.

तेव्हा डाव्या कोपऱ्यावरून पंचांना ऐकू जाईल असा आवाज आला.

"दादा, तुमी बाद हायसा."

मी त्याच्याकडं असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. तो म्हणाला, "गुडघ्याला लागलं. मी बगितलंय. जावा भायेर."

मी हात वर केला तो त्यानंतर. दोरीपलीकडच्या हजार माणसांना त्याचं बोलणं ऐकू गेलं नाही, फक्त माझा हात दिसला. टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा प्रामाणिकपणा छापून आला.

पण खरा खेळ त्या टाळ्यांनंतर झाला. गुण बरोबरीत आले. आत आमचे चार, समोर सहा. डाव्या कोपऱ्यानं बाकीच्या तिघांना जवळ बोलावलं, काय सांगितलं मला ऐकू आलं नाही. त्यांचा सगळ्यात भारी गडी चढाईला आला आणि यानं त्याचा घोटा असा धरला की तो मध्यरेषेपासून वीतभर अलीकडं थांबला. एक पकड, एक गुण, आमचा एक गडी पुन्हा आत. नंतर आणखी एक पकड. माझ्या आधी बाद झालेले दोघं परत आत गेले, माझी पाळी आलीच नाही. माझ्याशिवाय ते जिंकले. मी बाहेर मांडी घालून बसलो होतो आणि घसा बसेपर्यंत ओरडत होतो. एवढा आनंद मला माझ्या कुठल्याच चढाईनं दिला नव्हता.

परतताना माधवनगर स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो असताना मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, सगळ्यांदेखत का बोललास?

तो म्हणाला, "दादा, ह्या पोरांनी तुमाला हुबं ऱ्हायल्यालं बगितलं. मी गप बसलो असतो तर पुढल्या साली समदा संघच हुबा ऱ्हायला असता. मग पकडी शिकायच्या कशाला?"

पुढच्या हंगामात मी त्याला कप्तान केलं आणि त्याच्या हाताखाली चार वर्षं खेळलो. घरी बसवलेले दोघं परत आले. त्यानं पहिल्याच दिवशी मला सांगितलं, माझं चुकलं तर तुमी बोलायचं, आणि मी बोललोही. ढाली आल्या. पण पेपरातली ती गोष्ट मी पुसली नाही. साठ वर्षं त्याच्या बोलण्याचं श्रेय माझ्या हातानं खाल्लं, हे माझं ओझं.

गेल्या महिन्यात गावानं मैदानाला माझं नाव द्यायचं ठरवलं. मी ग्रामसभेत उभा राहिलो आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. मग मागून एका बाईंनी विचारलं, मग नाव कुणाचं लावायचं ते तरी सांगा. मी सांगितलं, आणि एकही हात विरोधात गेला नाही.

तो आता सांगलीला मुलाकडं असतो. पाटी लागली त्या दिवशी त्याला गाडीनं आणलं. डोळ्यांवर हाताची सावली करून त्यानं स्वतःचं नाव वाचलं, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत.

"लय उशीर केलासा दादा," तो म्हणाला. "पर अक्षर झ्याक काढलंय."

मग पाटीखाली उभा राहून त्यानं सगळ्या नातवंडांसोबत फोटो काढून घेतला, आणि मला ओढून शेजारी घेतलं.