पाठीतली नळी आणि माझा संशय

रिपोर्ट उजेडात धरून सर्जन म्हणाले, "चौथी ग्रेड आहे." मी पहिल्यांदा कागदावरचं नाव तपासलं. स्वरा, वय पाच. नाव आमचंच होतं.

मी बेलापूरला सरकारी ऑफिसात आवक-जावक सांभाळते. शिक्का पाहिल्याशिवाय कागद पुढे सरकू देत नाही. घरात बिस्किटाच्या पुड्याचीही तारीख वाचते. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. तेही तेच म्हणाले.

आजाराचं नाव व्हेसिकोयुरेटरल रिफ्लक्स, म्हणजे मूत्राशयातली लघवी उलटी किडनीकडे चढते. स्वराला सारखा येणारा ताप त्यामुळेच होता. डावी किडनी थोडी खराब झालीच होती, उरलेली वाचवायची होती. ऑपरेशन रीइम्प्लांटेशनचं, म्हणजे किडनीकडून येणारी नळी मूत्राशयात नव्याने बसवायची.

तिथपर्यंत मी तयार झाले. मग भूल देणाऱ्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "पाठीत एपिड्युरलची बारीक नळी ठेवू, तीन दिवस बधिर करणारं औषध जाईल. या ऑपरेशननंतर मूत्राशय आवळून येतं, त्याला स्पॅझम म्हणतात. त्याने टाके ताणतात, लघवी बाजूने गळते. ते होऊच नये म्हणून हे."

सासूबाई जुईनगरच्या जुन्या गावातल्या. त्या ऐकून म्हणाल्या, "पोरीचे पाठीन सुई नको टोचू देव गो. जलमभराची कटकट हाय ती." माझ्या सिझरलाही पाठीत सुई दिली होती, आणि माझी कंबर आजही दुखते. मॅडम म्हणाल्या, दोन्हींचा संबंध नाही. मी सही केली, पण विश्वास ठेवला नाही.

ऑपरेशन नीट झालं. स्वराच्या उशाशी आत फुगा असलेली मुठीएवढी बाटली होती, तिच्यातून औषध पाठीत जायचं. पोरगी शांत पडून होती. मला ती शांतताच खटकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला डाव्या पायाची बोटं हलवायला सांगितली. हलली नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "होतं असं, ताई. मॅडमना सांगते." आणि त्या गेल्या. बराच वेळ कुणी आलं नाही.

वॉर्डात सलाईनचं चाक नातेवाईकच फिरवतात. कुणी काही म्हणत नाही. त्याच सवयीने मी बाटलीच्या नळीवरची क्लिप बंद केली. दोन तासांनी बोटं हलली. बघा, मी बरोबर होते, असं वाटलं.

त्यानंतर थोड्याच वेळात स्वरा किंचाळली. "आई, शू आली! शू आली!" लघवीसाठी घातलेली नळी आत असूनही. गुडघे पोटाशी घेऊन ती थरथरत होती. चादरीवर लालसर ओल पसरली.

सर्जन धावत आले. "लघवीच्या नळीत रक्ताची गुठळी अडकली असेल. परत थिएटरमध्ये घेऊन बघावं लागेल." स्ट्रेचर मागवलं.

उगाच पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन थिएटर, आणि सगळं माझ्या हाताने झालेलं. मी म्हटलं, "डॉक्टर, पाठीच्या औषधाची क्लिप मी बंद केलीय."

कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. भूल देणाऱ्या मॅडमना बोलावलं. त्यांनी तिचे पाय तपासले, क्लिप उघडून पाठीतून औषध दिलं, मग म्हणाल्या, "पाय जड होता हे मला लगेच कळायला हवं होतं. मी डोस कमी केला असता. संशय आला यात चूक नाही, पण क्लिपला हात का लावलात?"

अर्ध्या तासात स्वरा निवली. सर्जननी लघवीची नळी पाण्याने धुऊन पाहिली. मोकळी होती. स्ट्रेचर परत गेलं. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर पाय जड वाटल्यावर गप्प बसू नका. डॉक्टर येईपर्यंत मागे लागा, पण हात लावू नका.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. लघवी उलटी जात नाही. रिपोर्टवरचं नाव मी याही वेळी तपासलं.

पण एक गोष्ट राहिली आहे. क्लिपचं मी कबूल केलं त्या संध्याकाळी स्वराने सगळं ऐकलं होतं. तिने विचारलं, "आई, क्लिप तू का लावलीस?"

"मला भीती वाटली गं."

"मग मला विचारायचं ना. मला दुखत नव्हतं."

मी सगळ्यांवर नजर ठेवून होते. तिला मात्र बोटं हलव एवढंच सांगितलं होतं, दुखतंय का हे एकदाही विचारलं नव्हतं.