शेवटच्या गेमची सर्व्हिस

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या टेनिस कोर्टामागे नाला आहे आणि त्या बाजूची जाळी फाटलेली. त्यामुळे बाहेर जाणारा बॉल टप्पा पडायच्या आत हाताने अडवायचा, ही आमची रीत. नवरा यात पटाईत. एक बॉल जरी नाल्यात गेला तरी ह्यांना जेवण गोड लागत नाही.

डोंबिवलीत मिश्र दुहेरीच्या फायनलला आम्ही दोघं उतरलो, तेव्हा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं. त्यानंतर टेनिस कायमचं बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. इतक्या वर्षांत एकही फायनल मी जिंकले नव्हते. ही मला हवीच होती, अगदी हावरटासारखी.

अकरा गेमचा सामना, पाच-पाच झालेले. शेवटच्या गेममध्ये समोरची कॉलेजातली मुलगी सर्व्हिस करत होती आणि आम्ही चाळीस-तीसने पुढे होतो. तिची पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली. दुसरीही चुकली की सामना आमचा.

तिने मारलेला बॉल माझ्याकडे यायचं सोडून नेटजवळ उभ्या नवऱ्याच्या डोक्यावरून बाहेर निघाला. मी रॅकेट खाली घेतली. आणि ह्यांनी उडी मारून बॉल झेलला!

"पॉइंट सर्व्हरचा," पंच म्हणाले.

"अहो, तो बाहेरच चाललेला!" मी ओरडले.

"मॅडम, टप्प्याआधी तुमच्या पार्टनरला लागला. रूल आहे तो."

रूल खराच होता. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. "पुढची सर्व्हिस मी घेतो," म्हणाले. तेही शक्य नव्हतं. चाळीस-चाळीसला एकाच पॉइंटवर निकाल होता, आणि अशा वेळी बाईची सर्व्हिस बाईनेच घ्यायची.

"तुम्ही फक्त हात खाली ठेवा," मी दातओठ खात म्हणाले.

या वेळी मुलगी चुकली नाही. बॉल पार कडेला पडला. गुडघा-बिडघा विसरून मी धावले. जिवाच्या आकांताने रॅकेट पुढे केली, ती बॉलला लागलीही, पण बॉल नेटमध्ये अडकला. गुडघ्यातून अशी कळ गेली की मी तिथेच बसले.

हे धावत आले. "माझ्यामुळे गेलं गं."

"हो, तुमच्यामुळेच," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? ह्यांनी मला धरून उठवलं.

मुलगी हात मिळवायला नेटपाशी थांबली होती. "काकू, काय धावलात! नेक्स्ट इयर परत या हां."

"येते गं," मी म्हणाले. ह्यांनी मान दुसरीकडे वळवली.