बर्फाच्या लाद्यांवरून

ॲम्ब्रोज कीपिंगनं जन्मात कुणाला भीक घातली नाही. ऐकायचा तो फक्त बायकोचं, फिलोमिनाचं. छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं त्याच्याकडून वचन घेतलं, की पुन्हा बर्फावर पाऊल टाकायचं नाही.

न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर वसंतात खाडीभर बर्फाच्या लाद्या तरंगत येतात. पूर्वी पोरं त्यांवरून उड्या मारत पळायची. पुढचा जिथं पाय टाकेल तिथंच मागच्यानं टाकायचा, आणि थांबायचं नाही, थांबला की लादी बुडाली. आता बंदी आहे. पाटी लावली ती त्याच्याच लेकीनं, व्हर्नानं. गावाच्या सुरक्षेचं काम तिच्याकडे.

"बाबा, ही मर्दुमकी नाही, नुसती मस्ती," ती म्हणायची.

"याच मस्तीनं बर्फावर सील मारले, त्या पैशावर शिकलीस, बाई!"

एप्रिलमधल्या एका दुपारी शाळेचा नवा मास्तर फोटो काढायला बर्फावर गेला आणि अडकला. वारा जमिनीकडून सुटलेला, लाद्या समुद्राकडे निघालेल्या. होडी बर्फातून जाईना. हेलिकॉप्टरला तास लागणार होता.

"कुणीही उतरायचं नाही!" व्हर्ना ओरडली. तिचं तरी काय चुकत होतं? एकाच्या जागी दोन गेले असते.

ॲम्ब्रोज लांब काठी घेऊन काठावर उभा राहिला आणि बायकोकडे बघत राहिला. तिकडे मास्तर आईच्या नावानं हाका मारत होता.

"जा," फिलोमिना म्हणाली. "जा मेल्या, बघतोस काय!"

देवा रे, काय धावला तो माणूस! सत्तरीला टेकलेला, चार पायऱ्या चढताना धापा टाकणारा! लादी कलायच्या आत पुढच्या लादीवर. व्हर्नानं आईचा दंड घट्ट धरला.

"माझ्या पावलावर पाऊल टाक! थांबलास तर मेलास, गाढवा!" परतताना त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मास्तर रडत रडत, पण पाऊल न चुकता मागोमाग आला.

काठावर येताच ॲम्ब्रोज मटकन बसला. ओठ निळे पडले होते. फिलोमिनानं आपला कोट त्याच्याभोवती गुंडाळला.

"लई भ्यालो गं, मेना," तो म्हणाला. पन्नास वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं.

"मग गेलास कशाला?"

"तू जा म्हणालीस ना. नको म्हणाली असतीस, तर थांबलो असतो."

फिलोमिनाही त्याच्या शेजारी ओल्या दगडावर बसली.