गच्चीवरची हिरवी वायर

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो – घडलं त्याच क्रमाने.

कोलकात्यात, बागबाजारातल्या आमच्या इमारतीत मराठी घर एकच, आमचं. मराठी वाहिन्यांसाठी गच्चीवर डिश बसवली. बसवली बिमलने, गल्लीतली अशी सगळी कामं त्याच्याकडेच. जोडात पाणी शिरू नये म्हणून त्याने रबरी टेप घट्ट गुंडाळली. झटका बसू नये म्हणून खांबाला अर्थिंगची हिरवी वायर लावली. “दादा, इसको कभी खोलना मत,” म्हणाला. मी ऐकलं होतं, हे नक्की.

पाडव्याला गुढी उभारायची होती. गच्चीवर भक्कम असा तो एकच खांब. काठी सरळ बसेना – वायरची पट्टी आड येत होती. मी ती सोडवली. केबल बाजूला ओढताना टेपही उकलली. संध्याकाळी गुढी उतरवली. सगळं पूर्ववत करायला किती वेळ लागला असता? दहा मिनिटं. उद्या करू, म्हटलं.

असे बरेच उद्या गेले. मग कालबैशाखीचं वादळ आलं. जोडात पाणी गेलं, आमचा टीव्ही बंद पडला. पाऊस थांबल्यावर शेजारच्या बोसकाकू गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या आणि त्यांनी ओला खांब धरला. झटका मोठा नसावा – पण त्या दचकून पडल्या. मनगट मोडलं.

त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा मी गच्चीवर गेलो. लोंबणारी वायर काढली, गुंडाळली, घरी आणून कपाटात ठेवली. भीती कसली होती? काकूंची? की इमारतीतलं एकटं परकं घर असण्याची? ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रहिवासी जमले. खांबाला अर्थिंगची वायरच नाही हे पाहून बिमलला बोलावलं. काकूंचा मुलगा बंगालीत म्हणाला, “काय मिस्त्री, अर्थिंग विकून खाल्लंस?” काहीजण हसले. बिमल माझ्याकडे वळला.

“दादा, आप तो देखा था ना? हरा तार हम लगाया था।”

सगळे माझ्याकडे पाहत होते.

“याद नहीं,” मी म्हणालो.

त्यानंतर गल्लीत कोणी त्याला काम दिलं नाही. आता तो सियालदह स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकतो. मागच्या महिन्यात समोरासमोर आलो. नजर चुकवायला जागा नव्हती.

“टीवी ठीक चल रहा है, दादा?” त्याने विचारलं.

मी हो म्हणालो.