वरच्याने न घेतलेली गोळी

यार्डात त्याला सगळे ‘वरचा’ म्हणत. क्रेनच्या उंच काचेच्या केबिनमध्ये बसून लोखंडी पाइपांचे गठ्ठे उचलायचे आणि ट्रकवर, किंवा मुकादमाच्या मनात येईल तिथे, नेऊन ठेवायचे हे त्याचं काम. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर असेलच, पण ते तिथेच सुखाने नांदत होतं. एखाद्या नव्या ट्रकवाल्याने विचारलं, ‘माल कधी हलणार?’ तर उत्तर मिळायचं, ‘वरच्याच्या मनात येईल तेव्हा.’ बिचाऱ्याला वाटायचं, काय भाविक माणसं आहेत इथली!

वरचा आहे म्हटल्यावर खालचा हवाच. तो जमिनीवर उभा राहून हातांनी खुणा करायचा: उचल, सोड, डावीकडे घे, सावकाश. क्रेनच्या घरघरीत शब्दांचा काही उपयोग नसतो. त्यामुळे वीस-बावीस वर्षं दोघांनी एकत्र काम केलं, पण त्यांचं सगळं बोलणं गोळा केलं असतं तर एका बसप्रवासात संपलं असतं. एकमेकांच्या घरीही ते कधी गेले नव्हते.

वरच्याला ब्लडप्रेशर आहे हे कंपनीच्या वार्षिक तपासणीत कळलं. त्याला स्वतःला काहीच होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, भूक तर अशी की डबा संपवून वर मूठभर खारे दाणे लागत. काही होत नसताना रोज गोळ्या खायच्या म्हणजे त्याला चोर दिसायच्या आत पोलीस बोलावण्यासारखं वाटायचं. पण बायको खमकी. तिने गोळ्यांचं काम आपल्याकडे घेतलं आणि रोज सकाळी डब्याच्या झाकणावर दोन गोळ्या ठेवायला सुरुवात केली. एक प्रेशरची आणि एक छोटी पांढरी, अंगातलं जास्तीचं पाणी बाहेर काढणारी. घरात तिला लघवीची गोळी म्हणत.

घोडं पेंड खात होतं ते या पांढऱ्या गोळीपाशी. केबिनमध्ये जाण्यायेण्याला एकच वाट, सरळसोट लोखंडी शिडी. सकाळी चढलेला माणूस पाळी संपली की उतरायचा. मध्ये उतरायचं म्हणजे खाली सगळे ट्रक खोळंबणार, मुकादम घड्याळ दाखवणार आणि कारण काय, तर लघवी! वरच्याने पहिल्याच आठवड्यात ती गोळी घेऊन पाहिली आणि दुपारपर्यंत त्याला जे भोगावं लागलं ते सांगण्यासारखं नाही. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात ते त्याला त्या दिवशी पटलं. मग त्याने स्वतःच डॉक्टरकी केली. प्रेशरची गोळी घ्यायची, पांढरी खिशात टाकायची आणि सुट्टीच्या दिवशीच घ्यायची. सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा तोडायचा. दिवसभर बसून कंबर धरायची, तिच्यासाठी औषधाच्या दुकानातून ठणक मारणारी गोळी आणायची. ती मात्र तो इमानेइतबारे रोज घ्यायचा.

तपासणी जवळ आली की आधीचा आठवडा रजा टाकून घरी बसायचा आणि सगळ्या गोळ्या शिस्तीत घ्यायचा, परीक्षेच्या तोंडावर रात्र जागवणाऱ्या पोरासारखा. प्रेशर बरं यायचं. नर्स म्हणायची, ‘छान! असंच चालू ठेवा.’ आणि वरचा ‘असंच’ चालू ठेवायचा.

आजार हत्तीच्या पायांनी येतो आणि मुंगीच्या पायांनी जातो, अशी म्हण आहे. हा आजार उलटा निघाला, मुंगीच्या पायांनी आला. लघवीला फेस यायला लागला. वरचा म्हणाला, संडास धुवायची पावडर बदलली असेल. संध्याकाळी बूट घट्ट व्हायला लागले. तो म्हणाला, हल्ली चामडंच हलकं येतं. रात्री आडवं पडलं की कोंडल्यासारखं व्हायचं म्हणून त्याने एका उशीच्या दोन केल्या आणि खापर नव्या गादीवर फोडलं. शिडी चढताना मध्ये थांबावं लागायचं, तेव्हा तो उगाच लांबवर बघायचा, जणू काही देखावाच बघायला थांबलाय. दुखणं अंगावर काढण्यात आपला हात कोणी धरणार नाही याचा त्याला थोडा अभिमानही होता.

एका सकाळी तो असाच ‘देखावे’ बघत बघत वर पोचला. केबिनमध्ये बसून दम खाल्ला, दांडा हातात घेतला आणि रिकामा हुक जरा हलवला न हलवला तोच खाली खालच्याने दोन्ही हात आडवे पसरले.

ही खूण म्हणजे ‘थांब’. यार्डात तिच्यापुढे साहेबाचंही चालत नाही. ती कोणीही द्यावी, झाडूवालीने दिली तरी चालते. आणि देणारा हात खाली घेत नाही तोवर क्रेन हलवायची नाही. म्हणूनच विनाकारण ती खूण देणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. वरच्याने काचेतून वाकून पाहिलं. हुक रिकामा. खाली चिटपाखरू नाही. त्याने भोंगा वाजवला. खालचा ढिम्म. मुकादम हातवारे करत धावत आला, तरी खालचा तसाच उभा. मग त्याने मानेनेच सांगितलं: खाली ये.

वरचा उतरला तो चांगल्या ठेवणीतल्या शिव्या जमवत. पण शिडीच्या शेवटच्या पायऱ्यांवर श्वास संपला आणि तो मटकन जमिनीवरच बसला. जमवलेल्यांपैकी एकही शिवी बाहेर पडेना. खालच्याने मुकादमाला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं, मग येऊन गुडघ्यावर बसला आणि त्याचे बूट ओढून काढले. मोज्याच्या काठाने पायावर खोल वळ उठला होता. अंगठ्याने दाबलं की खड्डा पडत होता आणि तसाच राहत होता.

“नाड्या न बांधता कधीपासून चढतोयस?” खालच्याने विचारलं.

“बांधल्या तर... बूट होत नाही,” वरचा धापा टाकत म्हणाला.

“आणि हे कोणाला सांगणार होतास? मेल्यावर?”

यार्डाच्या गाडीतून खालच्यानेच त्याला हॉस्पिटलात नेलं. बायको आली तेव्हा तो खाटेवर टेकून बसला होता, नाकाला ऑक्सिजनची नळी. पहिले दोन दिवस रक्त, लघवी, सोनोग्राफी, हृदयाची सोनोग्राफी यातच गेले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. वयाने त्याच्या लेकीएवढ्या असतील.

“गोळ्या नियमित घेता ना?”

“हो तर,” बायकोच म्हणाली. “रोज मी स्वतः देते.”

वरच्यानेही मान हलवली. डॉक्टर कागदाकडे बघत विचार करत राहिल्या. “सगळं घेऊनही प्रेशर एवढं असेल तर डोस वाढवावा लागेल,” असं म्हणून त्यांनी पेन उघडलं आणि मग पुन्हा बंद केलं. “काका, तुम्ही काम काय करता?”

“क्रेन चालवतो.”

“ती उंच? मग कामावर लघवीला कुठे जाता?”

हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. ना नर्सने, ना बायकोने, ना त्या उंचीचं कौतुक करणाऱ्या पाहुण्यांनी. वरच्याचा आधी चेहरा लाल झाला, आणि मग त्याच्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर आलं: खिशातली पांढरी गोळी, तोडलेलं पाणी, कंबरेची गोळी, तपासणीआधीची रजा. बायकोकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. ती एवढंच म्हणाली, “आणि मी वेडी रोज झाकणावर ठेवत होते.” ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. खाटेच्या कडेला बसून त्यांनी समजावलं. “काका, प्रेशर, किडनी आणि हृदय ही एका घरातली माणसं आहेत. एकाने काम टाकलं की ते दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. प्रेशर वर्षानुवर्षं जास्त राहिलं की किडनीच्या बारीक नळ्या खराब होतात. खराब झालेली किडनी मीठ आणि पाणी अंगातच ठेवते, त्याने प्रेशर आणखी चढतं. आणि एवढ्या दाबापुढे रक्त ढकलून ढकलून हृदय दमतं. तुमचा दम शिडीमुळे लागत नव्हता. त्यात ती कंबरेची गोळी, तिने किडनीला आणखी मारलं.”

“मग आता?” बायकोने विचारलं.

“किडन्या साधारण निम्म्यावर आल्यात. गेलं ते परत येणार नाही. पण उरलंय ते सांभाळलं तर पुष्कळ वर्षं पुरेल, डायलिसिसच्या मशीनवर जायची वेळ कदाचित येणारही नाही. आणखी वर्षभर असंच काढलं असतं तर मी हे म्हणू शकले नसते. त्या दिवशी वर केबिनमध्येच दम कोंडला असता तर...” त्या तिथेच थांबल्या. “कोणी आणलं तुम्हाला?”

“खालच्याने,” वरचा म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

महिनाभराने तो यार्डात गेला. अंगातलं पाणी उतरून पाय पुन्हा पाय दिसत होते. गोळ्या बदलल्या होत्या, वेळा बदलल्या होत्या, खारे दाणे हद्दपार झाले होते, आणि पाणी तोडायचंही नाही, ढोसायचंही नाही, सांगितलं तेवढंच प्यायचं होतं. खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती: शिडी बंद. ती साहेबांना द्यायची आणि मग जे होईल ते होईल, असं ठरवून तो आला होता. पण क्रेनखाली खुणा करायला भलताच माणूस उभा. खालचा सापडला तो साखळ्यांच्या शेडमध्ये, कोपरापर्यंत ग्रीसने माखलेला.

“इथे काय करतोयस?”

“साखळ्यांना तेल घालतोय. दिसत नाही?”

बाकीचं शेडमधल्या म्हाताऱ्याने सांगितलं. त्या दिवशी खालच्याने मुकादमाला सांगितलं होतं की साखळी सरकल्यासारखी दिसली, म्हणून हात पसरले, नजर चुकली. आणि वरच्याचा म्हणे उतरताना पाय मुरगळला. विनाकारण ‘थांब’ दिलं म्हणून खालच्याला खुणांवरून काढलं आणि शेडमध्ये टाकलं. पगारही कमी झाला.

“खरं का नाही सांगितलंस?” वरच्याने विचारलं.

“खरं सांगितलं असतं तर तुझ्यावर तिथल्या तिथे ‘अपात्र’ शिक्का बसला असता. मला वाटलं, चार दिवसांत बरा होशील, चढशील परत वर. मग काय, साखळ्यांना तेल घालायला जातंय काय माझं?” खालचा पुन्हा साखळीकडे वळला. “सवय होते.”

वरचा थेट साहेबांच्या खोलीत गेला. चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

“म्हणजे तो मुकादमाशी खोटं बोलला,” साहेब म्हणाले.

“एकदाच बोलला, साहेब. मी कित्येक वर्षं बोलत होतो. काढायचं तर मला काढा. पण त्याची नजर चुकली नव्हती, एवढं त्या मुकादमाला सांगा. आणि पाळीच्या मध्यावर बदली चालक द्या. वर बसणारा दुसरा कोणी माझ्यासारखा वागायला नको.”

साहेब माणूस वाईट नव्हते, फक्त क्रेनवर कधी चढले नव्हते. ते बराच वेळ चिठ्ठी वाचत बसले. पुढच्या आठवड्यात खालचा खुणांवर परतला, पाळीच्या मध्यावर बदली चालक चढू लागला, आणि वरच्याला जमिनीवरच नव्या चालकांना शिकवायचं काम मिळालं. पगार थोडा उतरला. नाव मात्र ‘वरचा’ ते ‘वरचा’च राहिलं.

सहा महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. किडन्या होत्या तिथेच होत्या, तसूभरही खाली गेल्या नव्हत्या. प्रेशर आवाक्यात होतं. हृदयावरचा ताण कमी झाला होता. बायकोने तो कागद दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, “भाऊजींना जेवायला बोलवा. आजच.”

खालचा धुतलेला शर्ट घालून आला आणि खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला. ताटात सगळं बेताच्या मिठाचं. पहिला घास घेऊन तो क्षणभर थांबला.

“भाऊजी, मीठ कमी आहे, माहितीये मला,” ती म्हणाली. “या घरात आता असंच असतं.”

“वहिनी, छान आहे,” असं म्हणून त्याने पुन्हा वाढून घेतलं. चव काही फार लागत नसावी, पण त्याने ताट स्वच्छ केलं.

वरचा मघापासून शब्द जुळवत होता. शेवटी ताट बाजूला सारून सरळ म्हणाला, “मी आज इथे बसून जेवतोय ते तुझ्यामुळे. माझे आईवडील सोडले तर एवढं माझं कोणी केलं नाही. शेडमध्ये गेलास आणि एका शब्दाने बोलला नाहीस. कसे उपकार मानू ते मला कळत नाही, पण मानतो.”

खालच्याने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. “उपकार कसले?” तो म्हणाला. “वीस-बावीस वर्षं रोज मान वर करून तुझ्याकडेच बघत आलोय. एवढं तर मी बायकोकडेही बघितलेलं नाही. तुझं काही बिघडलेलं मला नाही दिसणार, तर कोणाला दिसणार?”

बायकोला हसू फुटलं आणि हसता हसताच ती पदराने डोळे पुसायला लागली. वरचा उठला आणि त्याने खालच्याला, बावीस वर्षांत पहिल्यांदाच, घट्ट मिठी मारली.