कोंपिराचं घर

विनायक खासनीस एकोणतीस वर्षं सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या बंदरात लागणाऱ्या जहाजांवर भाजी-किराणा पोचवत आला होता. शिड्या चढून चढून गुडघे कामातून गेले होते. रिटायर व्हायला पाच महिने उरले होते आणि ते सरता सरत नव्हते.

मार्चमध्ये एक जुनं मालवाहू जहाज लागलं. जपानात बांधलेलं, आता मोडीत निघालेलं. कप्तानाची सही घेताना विनायकला वर फळीवर वीतभर लाकडी देऊळ दिसलं.

"कोंपिरा," कप्तान म्हणाला. तो गोव्याचा होता. "जपानी खलाशांचा देव. जहाज चारदा विकलं गेलं, पण याला कुणी हलवलं नाही. आता तोडताना गॅसकटरखाली जाईल. तुम्ही नेता का?"

नको म्हणायचंही त्राण नव्हतं. विनायकने देऊळ टॉवेलात गुंडाळलं.

घरी सुलभाने मोबाइलवर शोधलं. ती शाळेतून निवृत्त झालेली, अर्धवट काही सोडायची नाही. "अहो, कोंपिरा म्हणजे मूळचा आपला कुंभीर. मगर! इथूनच तिकडे गेलेला."

"मग परत आला म्हणायचा," विनायक म्हणाला आणि बुटांसकट आडवा झाला.

देवळात देवाच्या नावाचा एक कागद होता. तो जुना झाला की जपानातल्या देवस्थानाला परत करायचा असतो, हेही तिनेच वाचलं. विनायक देऊळ घेऊन कुरियरवाल्याकडे तीनदा गेला. लाकूड परदेशी पाठवायचं तर त्याला किडीचं औषध मारल्याचा दाखला हवा होता. तिसऱ्यांदा तो वाद न घालता बाहेर पडला. शेवटी नुसता कागद पाकिटात घालून टपालाने रवाना केला.

रिकामं देऊळ मात्र उरलं. ते घेऊन तो खाडीकाठच्या मगदल्ल्याला, दर्यावर्दी तांडेल लोकांच्या दर्यामातेच्या मंदिरात गेला. झाडलोट करणाऱ्या रुक्मिणीबेनने टॉवेल बाजूला करून पाहिलं.

"दरियानो देव छे ने?"

"हो. पण देव गेला पुढे. हे त्याचं घर आहे."

"तो मूको अहीं. आवशे त्यारे रहेशे."

इथे ठेवा, येईल तेव्हा राहील, इतकं सरळ. तिने मातेशेजारचा कोनाडा पुसून दिला. विनायकने देऊळ आत ठेवलं, हात जोडले, पण मागायला काही सुचेना. तो पायरीवर टेकला. खाडीवरून वारा येत होता. एवढ्या वर्षांत शेकडो जहाजांवर तो चढला होता, पण एकाही जहाजातून कुठे गेला नव्हता. हे आज पहिल्यांदाच जाणवलं, आणि त्याचं वाईट वाटायलाही अंगात जोर नव्हता.

ऑफिसचा फोन वाजत राहिला. रुक्मिणीबेन झाडत झाडत त्याच्यापर्यंत आली, तर तो खांबाला टेकून झोपला होता. तिने तेवढी पायरी सोडून पुढचं झाडायला घेतलं.